हँडलवाला वाहरू

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकतो. गिऱ्हाईक छातीचं माप देताना पोट आत ओढून घेतं, तर मी टेप सोडून देतो आणि म्हणतो, घरी जा, खरं पोट घेऊन ये. अशा शिंप्याचं दुकान चालतं कसं, असं लोक विचारतात. चालतं, कारण ते बन्सीलाल शेठच्या जीनच्या फाटकासमोर आहे. जीन म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. नंदुरबार स्टेशनाकडून गावात येताना डाव्या हाताला लागतो. हंगामात तिथं दीडेकशे माणूस राबतं आणि त्यातलं निम्मं अंगावर चोळी-बंडी शिवायला माझ्याकडेच येतं. माझ्या शिव्या खातं आणि पुन्हा येतं.

त्या माणसांतला एक वाहरू. पावरा आदिवासी, अक्राणीच्या डोंगरातला. उंच, काटक, खाली मान घालून चालणारा. माझ्या दुकानात आला तर पायरीवर बसायचा आणि कपड्याचा रंग विचारला तरी उत्तर द्यायला दोन विड्यांचा वेळ घ्यायचा. त्याच्या तोंडून शब्द काढण्यापेक्षा जुन्या बंडीची शिवण उसवणं सोपं. पण माणूस सोन्यासारखा. त्याचं आयुष्य एका लोखंडी दांडीपाशी जाऊन कसं अडकलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय आणि ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

वाहरू आणि त्याची आई दिवलीबाई दरसाल दिवाळी सरली की डोंगरातल्या माणसांबरोबर खाली उतरायची. बाप वाहरूच्या लहानपणीच गेला होता. दिवलीबाईची बाकीची पोरंही गेली होती, हा एकटा राहिला, तोही मरता मरता. त्यामुळे दोघं एकमेकांना सोडून राहिलेली मला माहीत नाहीत. वाहरू जीनच्या बंबात लाकडं टाकायचा आणि दिवलीबाई रेच्यावर असायची. रेचा म्हणजे सरकी काढायचं यंत्र. त्यात चामड्याचा रूळ फिरतो, समोरच्या बाईनं कापूस हातानं पसरून रुळाला द्यायचा, रुई पलीकडे जाते आणि सरकी खाली पडते. हात मागं पडला की रेचा रिकामा खडखडतो आणि दगा मुकादम लगेच त्या बाईच्या पाठीशी येऊन उभा राहतो.

रेच्यांच्या दोन रांगा एकाच लांब दांड्यावर, पट्ट्यांनी जोडलेल्या. वाफेचं इंजिन होतं तोवर त्या दांड्याला एकच चाल. कापूस ओला असो, वाळका असो, बाई तरणी असो, म्हातारी असो, सगळ्यांना तीच चाल. दिवलीबाईनं त्या चालीबरोबर जन्म काढला होता. पण अलीकडं तिच्या बोटांच्या सांध्यांना सूज यायला लागली होती. दगानं एका हंगामाच्या शेवटी सांगूनही टाकलं होतं, "माय, पुढला साल नको येऊ. हात चालत नही तुन्हा."

आणि इथंच सगळी अडचण होती. जीनच्या मागं पत्र्याच्या खोल्या होत्या. ज्याची जीनमध्ये हजेरी, त्यानंच तिथं राहायचं, असा शेठचा कायदा. मुलाची हजेरी आहे म्हणून आईनं राहायचं, हे चालत नव्हतं. गावात डोंगरातल्या माणसाला भाड्यानं खोली द्यायला आमची माणसं तयार नसतात, हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. म्हणजे रेचा सुटला की दिवलीबाईला मुलापासून दूर एकटीनं डोंगरात राहावं लागणार होतं. वाहरूला दुसऱ्या कशाचीही भीती नव्हती, एवढ्या एकाच गोष्टीची होती.

पुढच्या हंगामाला, दुसऱ्या महायुद्धाच्या एखादं वर्ष आधी, शेठनं वाफेचं इंजिन मोडीत काढलं. त्याच्या जागी तेलावरचं इंजिन आणि त्याच्यावर वीज करणारा डायनामो आणला. त्या विजेवर चालणारी एक मोटार मुंबईच्या कुठल्याशा बंद पडलेल्या गिरणीतून आली होती. गावभर बोभाटा झाला. मीसुद्धा मशीन सोडून बघायला गेलो. मोटार बसवायला सुरतेहून एक फिटर आला होता, गळ्यात रुमाल बांधलेला, बोलघेवडा. त्यानं भिंतीवर एक काळी पाटी बसवली. पाटीवर अर्धगोलात पितळेच्या टिकल्या आणि त्या टिकल्यांवरून फिरणारी लाकडी मुठीची लोखंडी दांडी. पहिल्या टिकलीवर दांडी ठेवली की मोटार रांगायला लागते, पुढच्या टिकलीवर नेली की जरा जलद, शेवटच्या टिकलीवर भन्नाट.

"मुंबईला छापखान्यात अशीच असते," फिटर सांगत होता. "कागद लावताना हळू, मग जलद. मोठ्या इमारतीतला पाळणा माणसं घेऊन वर जातो ना, तोही असाच, थांबायच्या आधी हळू होतो. नाहीतर माणसाच्या पोटात गोळा येईल. चाल आपल्या हातात असते, हीच तर गंमत आहे विजेची."

मला ती गंमत लगेच पटली. माझं शिवणयंत्र पायावर चालतं. पाय दुखला की मी हळू मारतो, ईद-दिवाळीला जोरात मारतो. मोठ्या यंत्रालाही असा पाय आला म्हणायचा, असं मी तिथं बोलून गेलो आणि शेठ खूश होऊन हसले. फिटरनं आणखी एक गोष्ट सांगितली. सकाळी कापूस दवानं ओलसर असतो, तेव्हा रेचे हळू चालवायचे, नाहीतर रुई तुटते. ऊन चढून कापूस वाळला की पुढं सरकवायचं. शेवटच्या दोन टिकल्या मात्र अडीअडचणीला. तिथं फार वेळ ठेवलं तर चामड्याचे रूळ तापून करपतील.

ही दांडी सांभाळायला शेठनं वाहरूला निवडलं. त्याचं कारण मला पुढं शेठनंच सांगितलं. हा उलट बोलत नाही, दारू पिऊन कामावर येत नाही, आणि सांगितलेल्या जागेवरून हलत नाही. अशा तऱ्हेनं बंबापाशी धुरात खोकणारा वाहरू मोटारखान्यात उभा राहिला आणि लोक त्याला हँडलवाला म्हणायला लागले.

मोटारखान्याला जाळीची एक खिडकी होती. तिच्यातून रेच्यांची पहिली रांग दिसायची आणि पहिल्या रांगेत दिवलीबाई असायची. दगानं तिला आणखी एक हंगाम बघू म्हणून पुन्हा घेतलं होतं. पुढचं मी सांगायला नको. त्या हंगामात नंदुरबारच्या कापसावर जेवढं दव पडलं तेवढं पूर्वी कधी पडलं नसेल. दिवस डोक्यावर आला तरी दांडी मधल्या टिकलीवर. दुपारी दिवलीबाईचे खांदे उतरायला लागले की दांडी हळूच एक घर मागं. दगा मुकादम काही आंधळा नव्हता.

"वाहऱ्या, सूर्य डोकावर येई ग्या. आजून कापूस ओलाच शे का?"

"ओला शे मुकादम. हात लाई देखा."

दगा हात लावायचा, कापूस कडकडीत वाळलेला असायचा, आणि दगा दुसऱ्या रांगेकडं निघून जायचा. त्याचीही आई होती. शिवाय रोजच्या गाठी रोज पडत होत्या, शेठची तक्रार नव्हती. मीही एकदा वाहरूला पायरीवर छेडलं, "का रे, तुन्हा कापूस दुपारपावत वाळतच नही का?" तो लाजून हसला. मग पुष्कळ वेळानं म्हणाला, "मायले धाप लागस, भाऊ."

ते दिवस चांगले होते. मी मोटारीचं कौतुक करणारा माणूस नाही, पण खरं ते खरं. वाफेच्या इंजिनानं जी म्हातारी बाहेर फेकली असती, तिला त्या पितळी टिकल्यांनी आत ठेवलं. एक गोरगरिबाचा पोर आपल्या आईसाठी अख्खा कारखाना थोडा हळू चालवत होता आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. पावसाळ्यात जीन बंद झालं, तरी शेठनं त्याच मोटारीवर सरकीचं तेल काढायची घाणी लावली. त्यामुळे वाहरूला बारमाही काम झालं आणि दिवलीबाईला घाणीत सरकी ओतायचं. मायलेकरं प्रथमच पावसाळ्यात खाली राहिली. डोंगरातलं त्यांचं कुडाचं घर त्या पावसात बसलं. जमीन दिराच्या हातात गेली. दिवलीबाई म्हणाली, जाऊ दे, आता पोराजवळच माझं घर.

मग दुसरा हंगाम आला, आणि त्या हंगामातली होळी.

डोंगरातल्या माणसांची होळी म्हणजे आपल्यासारखी चार गोवऱ्यांची नव्हे. त्यांचं वर्षच होळीला सुरू होतं आणि होळीला संपतं. ज्याचा नवस असतो तो पुरुष होळीआधी काही दिवस व्रत पाळतो, खाटेवर झोपत नाही, बाईच्या हातचं खात नाही. मग अंगाला राख फासून, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरं बांधून, डोक्यावर मोरपिसांचा टोप घालून होळीपुढं नाचतो. वाहरू लहानपणी मरणातून उठला तेव्हा दिवलीबाईनं त्याच्यासाठी असा पाच वर्षांचा नवस बोलला होता. तो तरणा झाल्यावर फेडायचा. चार होळ्या झाल्या होत्या, ही पाचवी. पाचांतली एक चुकली तर झालेल्या सगळ्या वाया, अशी तिची समजूत. मी तिच्याशी त्यावर कधी वाद घातला नाही. मी स्वतः सोमवार धरतो.

पण त्या साली कापूस फार पिकला होता. शहाद्याकडच्या गाड्या रात्रंदिवस फाटकात शिरत होत्या आणि आवारात कापसाचा ढीग पत्र्याला टेकला होता. होळी जवळ आली तसं शेठनं दगाकरवी सांगितलं, ढीग उपसल्याशिवाय कुणालाही सुटी नाही. जो जाईल त्याची जागा गेली. ढीग संपवा आणि मग खुशाल जा.

हे ऐकल्यावर रेच्यांवरच्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. त्यांत गुलाबबाई म्हणून एक होती. दिवलीबाईच्याच गावची, तिच्या शेजारच्या रेच्यावरची, ठसठशीत, कुणालाही न भिणारी. ती माझ्याकडं होळीच्या चोळ्या शिवायला टाकून गेली होती, म्हणून बोलणं माझ्या दुकानापुढंच झालं. दुपारच्या सुटीत सगळ्या बाया वाहरूला घेरून उभ्या राहिल्या.

"वाहरू, तुन्हा हातमा शे," गुलाबबाई म्हणाली. "दोन घर पुढे सरकाव. आपन लाह करूत. ढीग उपसी टाकसूत आनि घर जासूत."

लाह म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. डोंगरात एखाद्याचं शेत नांगरायचं राहिलं, घर शाकारायचं राहिलं, की सगळा पाडा एका दिवशी त्याच्याकडं लोटतो. मजुरी कुणी मागत नाही. जीव तोडून काम करायचं, दिवस मावळायच्या आत संपवायचं, मग घरधनी जेवण घालतो, ढोल वाजतो आणि सगळे आपापल्या घरी. कमी ताकदीच्या माणसाचा वाटा शेजारचा उचलतो, त्याचा हिशोब ठेवत नाहीत. शेठचा ढीग म्हणजे शेठचं नांगरायचं राहिलेलं शेत, असं या भोळ्या बायांनी धरलं. आम्ही खालच्या माणसांनी असलं काही धरलंच नसतं. आम्ही शेठला शिव्या देत कामचुकारपणा केला असता आणि होळी इथंच केली असती.

वाहरूची नजर आईकडं. शेवटी म्हणाला, "माय, तुले जमाव नही."

"मन्हं मी देखसू," दिवलीबाई म्हणाली. "तू फिराव."

आणि त्यानं फिरवलं. ते दिवस मी विसरणार नाही. माझ्या दुकानातली कात्री खुंटीवर थरथरायची इतका रेच्यांचा आवाज. दांडी शेवटच्या टिकलीवर. बाया गात होत्या. गाणं रेच्यांच्या आवाजात बुडून जायचं, पुन्हा वर यायचं. दिवलीबाईच्या एका बाजूला गुलाबबाई आणि दुसऱ्या बाजूला आणखी एक तरणी पोरगी, दोघी आपला रेचा सांभाळून एकेक ओंजळ म्हातारीच्या रेच्यात टाकत होत्या. त्यामुळे तिचा रेचा एकदाही रिकामा खडखडला नाही. तिच्या कपाळावरून घामाचे ओघळ चालले होते आणि ती हसत होती. तेवढं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं.

शेठ स्वतः येऊन उभे राहिले. रांगेवरून चालत गेले. दिवलीबाईच्या रेच्यापाशी थांबले, भरभरून पडणारी रुई पाहिली, दगाला काहीतरी म्हणाले. मला त्या वेळी बरं वाटलं. वाटलं, शेठलाही कौतुक आहे.

होळीच्या आधीच ढीग जमिनीला लागला. शेठनं मोठ्या मनानं खिचडी रांधायला लावली, गूळ वाटला. बायांनी तिथंच फेर धरला. वाहरूनं व्रत धरलं होतं, म्हणून तो लांब बसून स्वतःच्या हातानं भाजलेली भाकर खात होता. दुसऱ्या दिवशी ते सगळे माझ्याकडच्या चोळ्या घेऊन डोंगराकडे गेले. मी कुणाला ओरडलो नाही, एवढं लिहून ठेवतो.

होळी झाली, नवस फिटला, माणसं परत आली. तोवर आवारात नवा कापूस पडला होता, आणि मोटारखान्यातल्या पाटीवर एक नवीन गोष्ट बसली होती. शेवटच्या टिकलीपाशी लोखंडाची खिट्टी. दांडी तिथं पोचली की खिट्टी आपोआप खाली पडायची आणि दांडीला मागं येऊ द्यायची नाही. खिट्टीला कुलूप, चावी दगाच्या करगोट्याला. सकाळी काम सुरू होताना दगानं समोर उभं राहायचं, खिट्टी पडलेली पाहायची आणि मगच जायचं. संध्याकाळी येऊन उघडायची.

पहिल्या दिवशी बायांना वाटलं, वाहरू चुकला. गुलाबबाईनं जाळीतून हाक मारली. त्यानं दोन्ही हात वर करून दाखवले. दुसरं करणार काय?

आता रोजच ती चाल. गाणं पहिल्याच दिवशी बंद झालं. होळीआधी तीन-चार दिवस जे काम आनंदानं झालं ते बारमाही कसं व्हावं? दुसऱ्याच्या रेच्यात ओंजळ टाकायला कुणाचा हात मोकळा राहीना. गुलाबबाई दिवलीबाईकडं बघायची आणि तेवढ्यात तिचाच रेचा खडखडायचा. दिवलीबाईचा तर दिवसभर खडखडायचा. वाहरू जाळीला चिकटून उभा असायचा. एकदा मी शेठच्या गादीची खोळ द्यायला आत गेलो, तर तो दांडीची मूठ दोन्ही हातांनी मागं ओढत होता. खिट्टी हलली नाही. मला पाहून त्यानं हात सोडले आणि धोतराला पुसले.

आठवड्याच्या आतच दगानं निरोप दिला. दिवलीबाईनं खोली सोडायची. दगा वाईट माणूस नव्हता. पण सांगितलं त्यानंच.

संध्याकाळी वाहरू माझ्याकडं आला. पायरीवर बसला नाही, उभाच राहिला. म्हणाला, "भाऊ, तू बोल शेठशी. माले येत नही." मी तापट माणूस, लगेच पायात जोडे घातले. वाटेत मनात चांगली चांगली वाक्यं जुळवली. आपण बोललो की शेठ ऐकतील असं मला खरोखर वाटत होतं, इतका मी मूर्ख.

शेठ गादीवर पान जुळवत बसले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. मी सगळं बोललो. म्हातारी जुनी आहे, चाल झेपत नाही, दांडी एक-दोन घर मागं घेऊ द्या. फिटरनंही सांगितलं होतं की रूळ करपतील.

"रूळ बदलता येतंस," शेठ म्हणाले. रागानं नाही, समजावून सांगितल्यासारखं. "शिंपीभाऊ, तुम्हीच सांगा. मी म्हनं का चाल वाढाडा म्हनीसन? मी ते शब्द बी काढा नही. त्यासनीच वाढाडी. तवय जमनं, मंग आते का जमत नही? या बाईना रेचा मी सोता देखा. भरभरीसन रुई पडी ऱ्हायंती."

"शेठ, ती लाह व्हती," मी म्हणालो.

"लाह म्हंजे?"

मी सांगितलं. पाडा कसा जमतो, जीव तोडून काम कसं करतात, एकमेकांचा वाटा कसा उचलतात, आणि मग घरधनी जेवण कसं घालतो. शेठनं नीट ऐकून घेतलं. मग पान तोंडात घातलं आणि म्हणाले, "मंग जेवाडं ना मी. खिचडी करी, गूळ वाटा. मन्हाकडथीन काय कमी पडनं?"

सगळी जुळवलेली वाक्यं गेली कुठं कोण जाणे. वाहरू दाराशी उभा होता, तो माझ्या तोंडाकडं बघत होता. गिऱ्हाइकांना फाडून खाणारा मी, त्या गादीसमोर पाण्याचा पेला हातात धरून बसून राहिलो. मग पेला खाली ठेवला आणि उठलो. बाहेर आल्यावर वाहरूला म्हणालो, तुझी माय माझ्याकडं राहू दे. माझं घर म्हणजे दुकानामागची एक खोली आणि तिच्यात आम्ही सात माणसं. ते त्याला माहीत होतं. तो नुसता मान हलवून गेला.

वाहरूनं काम सोडून आईबरोबर जायचं म्हटलं होतं. दिवलीबाईनं ऐकलं नाही. दिराच्या ओसरीवर एक म्हातारी कशीबशी पोसली जाईल, वर एक तरणा माणूस कोण पोसणार? तू इथं राहिलास तर येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर दाणे तरी पाठवशील, असं तिचं म्हणणं. त्यात खोटं काढायला जागा नव्हती. मीही काढून पाहिलं.

ती गेली त्या सकाळी मी मोटारखान्यात होतो. हवेत उडणारी रुई मोटारीत शिरून ठिणगीनं पेट घेऊ नये, म्हणून बंद मोटारीवर घालायला जाड कापडाची खोळ शिवायची होती आणि मोटार सुरू व्हायच्या आत माप घ्यायचं होतं. वाहरू मला टेपचं दुसरं टोक धरून देत होता. बाहेर तेलाचं इंजिन सुरू झालं होतं. तेवढ्यात दिवलीबाई दारात आली. काखेत गाठोडं. फाटकाशी बैलगाडी उभी होती, डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाणारी, आणि गाडीवाला खोळंबला होता. बायांना मोटारखान्यात यायची बंदी होती, पण दारात आलेला दगा बाजूला सरकला आणि त्यानं तिला आत येऊ दिलं.

मायलेकरांचं जे बोलायचं ते खोलीवर झालं असेल. दिवलीबाई भिंतीवरच्या पाटीकडं बघत राहिली. दोन हंगाम तिचे हात ज्या दांडीच्या तालावर चालले होते, ती तिनं कधी पाहिली नव्हती. आमच्यासमोर ती आमच्याच बोलीत बोलायची.

"आपली कोनती रे?" तिनं विचारलं.

वाहरूनं मधली एक टिकली बोटानं दाखवली. दीड वर्ष त्यानं जिच्यावर दांडी अडवून धरली होती ती.

"आनि आतेनी?"

त्यानं खिट्टीपाशी बोट नेलं. दिवलीबाई पुढं झाली. सुजलेल्या सांध्यांची बोटं तिनं पाटीवर ठेवली, करंगळी एका टिकलीवर आणि अंगठा दुसऱ्यावर. हाताची एक वीतसुद्धा पुरी लागली नाही.

"इतलंसंच?" ती म्हणाली.

वाहरूनं मान हलवली. मी टेप गुंडाळायला लागलो, कारण मला डोळे पुसायचे होते आणि ते कुणाला दिसायला नको होते.

भोंगा झाला. पलीकडं बाया रेच्यांवर येऊन उभ्या राहिल्याचा आवाज आला. दगा दारातून म्हणाला, "वाहरू, टाइम व्हयना." वाहरूनं दांडी धरली. पहिल्या टिकलीवर मोटार हलली, पट्टे सळसळले, रेचे जागे झाले. तो एकेक टिकली पुढं जात राहिला आणि मधल्या टिकलीवर आला तेव्हा थांबला. दिवलीबाईनं मान कलती करून आवाज ऐकला. हीच ती चाल, तिच्या हाताची. दगानंही थोडा वेळ ती चालू दिली, हे त्याच्या बाजूनं मला सांगितलंच पाहिजे. मग तो हलकेच म्हणाला, "चाल रे, पुढे ले."

आई बाजूला उभी असताना वाहरूनं स्वतःच्या हातानं दांडी पुढं ढकलली. आवाज चढत गेला, खिट्टी पडली. दगानं चावी फिरवली. दिवलीबाईनं गाठोडं डोक्यावर घेतलं, मुलाच्या दंडाला एकदा हात लावला आणि बाहेर पडली. ती आवार ओलांडून गाडीकडं चालली होती आणि वाहरू तिथंच उभा होता. मोटार चालू असताना हँडलवाल्यानं जागा सोडायची नाही असा नियम होता, म्हणून आईला फाटकापर्यंत पोचवायला मी गेलो.